मेढीला टेकून हसणारी बाई

तो शिरीष पिशवीतनं एकेक फोटो काढून सतरंजीवर पत्त्यांसारखा मांडायला लागला, तेव्हा माझा अल्बम नलवड्यांच्या आप्पांच्या मांडीवर होता. चांगला जाडजूड अल्बम. काळी पानं, प्रत्येक पानावर कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला झिरझिरीत कागद. आप्पांनी एक कागद उचलला, खालचे नवरा-नवरी बघितले, "झ्याक" म्हणाले आणि मान वळवून सतरंजीकडं बघायला लागले. कागद बोटांत तसाच राहिला.

मग आप्पांच्या मंडळी उठल्या. मग भाऊबंद उठले. शेवटी अल्बम सोप्यावर एकटा पडला आणि त्याच्या शेजारी मी.

आप्पांच्या धाकट्या लेकीच्या, शैलाच्या, लग्नाला फोटोवाले दोन होते. नवरीकडनं मी, केरबा माळगे, ज्योती फोटो स्टुडिओ, गडहिंग्लज. नवऱ्याकडनं हा शिरीष कारखानीस. आमच्या गावच्या डॉक्टरांचा पुतण्या, मुंबईला फोटोग्राफी शिकून आलेला, दाढी राखलेला. गळ्यात साबणाच्या वडीएवढा कॅमेरा. लग्नात त्यानं एकाही माणसाला उभं केलं नाही. इकडनं तिकडं मांजरासारखा फिरला, पंगतीत बसून जेवला आणि गेला. मी तेव्हा मनात म्हटलं, ह्याचे फोटो काही निघत नाहीत.

निघाले होते. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळला तो खरोखरचा, आणि नवऱ्यानं मारलेली बोंब जशीच्या तशी. दोन विहिणी एकमेकींकडं पाठ करून एकाच ताटातले लाडू खाताना. पेंगलेला एक म्हातारा, त्याच्या मिशीत अक्षता अडकलेल्या. आणि आप्पा, आचाऱ्याच्या चुलवणामागं एकटे उभे, फेट्याच्या शेवानं डोळे पुसत.

आप्पांनी तो फोटो उचलला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"ह्यो कवा काढलास?"

"शैला सासूच्या पाया पडत होती तेव्हा."

फोटो परत सतरंजीवर न ठेवता आप्पांनी कोटाच्या आतल्या खिशात घातला. माझ्या कुठल्या फोटोला आजवर कोटाचा आतला खिसा मिळाला नव्हता.

माझी पद्धत वेगळी होती. माणूस लग्नाच्या दिवशी तरी सरळ उभा राहावा, एवढंच माझं म्हणणं. माझ्या "हलू नका"ला तालुक्यात वजन होतं. नेसरीच्या एका नवऱ्याला उभ्या-उभ्या चक्कर आली, पण मी हलू नका म्हटलं होतं म्हणून गडी पडला नाही. मी "झालं" म्हटलं आणि मग आडवा झाला. हिरण्यकेशीच्या घाटावर एका वऱ्हाडाचा ग्रुप घेताना मी असा काही आवाज टाकला की नदी थांबली. पटत नसेल तर फोटो आहे. पाण्यावर एक लाट दिसत नाही.

ग्रुपसाठी माझा मोठा लाकडी कॅमेरा असायचा. तीन पायांचं स्टँड, मागं काळं कापड. त्या कापडात डोकं घातलं की आतल्या काचेवर सगळं वऱ्हाड उलटं लटकलेलं दिसतं, पाय वर आणि फेटे खाली. बाहेरचं काही दिसत नाही. बाहेर बघायला सगुणा असायची. सगुणा म्हणजे माझी बायको. परक्या बायकांच्या पदराला फोटोवाल्यानं हात लावायचा नसतो, म्हणून पदर सारखे करायला, कुंकू नीट करायला मी तिला बरोबर न्यायचो. कामाला चोख. स्वभावानं गंभीर.

शेवटी आप्पांची चुलती, सोनाकाकी, माझ्या अल्बमकडं आली. मला बरं वाटलं. तिनं ग्रुपचं पान उघडलं आणि बोट ठेवलं.

"केरबा, ह्या मागच्या रांगेचं फेटं कुठं गेलं रं? आन् खाली एवढी मोकळी जमीन कशाला दावलीस? इकायची हाय काय?"

मी सांगितलं की माझी काही चूक नाही. सगळं जमवून झालं होतं, पण ऐन वेळी सगुणानं मागनं माझा शर्ट ओढला, एकदा नव्हे तीनदा, आणि कॅमेरा खाली झुकला. मी तिला कापडातनंच दटावलं होतं.

एवढं म्हटल्यावर घरातल्या सगळ्या बायकांनी एकदम पदर तोंडात घातले. सोनाकाकी भिंतीला धरून खाली बसली. मला वाटलं, कापलेल्या फेट्यांना हसताहेत. मी मुकाट्यानं सतरंजीपाशी गेलो आणि दुसऱ्याचा गुन्हा शोधावा तसे शिरीषचे फोटो उलटेपालटे करायला लागलो.

आणि सगुणा दिसली.

मांडवाच्या मुहूर्तमेढीला ती टेकली होती. मेढीला बांधलेले आंब्याचे टाळे तिच्या डोक्याशी आले होते. पदर सुटून खांद्यावर आलेला, एक हात पोटावर, मान मागं गेलेली, तोंड उघडं, आणि डोळ्यांतनं पाणी. ती हसत होती. नुसती नाही, पोट धरून हसत होती. समोर बघत नव्हती. डावीकडं, फोटोच्या बाहेर कुणाकडं तरी बघत होती. आणि त्या बघण्यात अशी काही माया होती, की तो कुणी का असेना, त्याला मी तिथल्या तिथं उचलून हिरण्यकेशीत टाकला असता.

सगुणाचे मी काढलेले फोटो माझ्याकडं ढीगभर होते. सगळ्यांत ती पोलिसठाण्यात हजेरी द्यायला आल्यासारखी. आमच्या लग्नात माझ्या उस्तादांनी काढलेल्या फोटोत तर दात उपटून घ्यायला बसल्यासारखी दिसते. मी म्हणायचो, बाईचा स्वभावच तसा. आणि ही तीच बाई.

मी शिरीषला हळूच विचारलं, "ही कुणाकडं बघून हसते रे?"

त्यानं फोटो बघितला, माझ्याकडं बघितलं. "मी समोरचा फोटो काढला, तात्या. बाजूला कोण होतं ते तुम्हीच आठवा. तुम्हीही तिथंच होता की."

दाढीत हसला असं मला वाटलं. दाढीचा हाच फायदा असतो, खात्री होत नाही. मी माझा अल्बम आवरताना तो फोटो ग्रुपच्या पानावर, झिरझिरीत कागदाखाली सरकवला आणि घरी आलो.

स्टुडिओत फोटोवरचे डाग पुसायचं, रिटचिंगचं भिंग घेऊन बसलो. वेळ जुळवायला गेलो तर काही जुळेना. अक्षता पडताना ती बायकांत होती. पंगतीच्या वेळी वाढत होती. ग्रुपच्या वेळी तर माझ्या मागं उभी राहून शर्ट ओढत होती. मग मेढीशी गेली कधी? आणि कुणासाठी?

माझ्या डोळ्यांपुढं तीन माणसं आली. एक निपाणीचा सनईवाला, केस मानेवर रुळणारे, गाल फुगवले तरी देखणा दिसणारा. दुसरा आचारी, त्याला तोंडात पान ठेवून नकला करायची खोड. आणि तिसरा नवऱ्याचा मामा, एसटीत तिकीट तपासनीस, मिशा अशा की दोन्ही बाजूंना लिंबू ठेवावं. तिघांपैकी मिशीवाला मला सगळ्यांत जास्त टोचला, कारण मला मिशी नीट येत नव्हती.

जेवताना मी विषय काढला. अगदी सहज.

"काय गं, नलवड्यांच्याकडं तो आचारी चांगला होता न्हाई?"

"आमटी खारट होती."

"बोलायला बरा होता."

"आमटीला बोलून काय करायचं?"

आचारी सुटला. मी सनईचं विचारलं. तिनं सांगितलं, डोकं उठलं नुसतं, वाजवणारा कोण होता ते बघायलाही मान वर केली नाही. राहिला मिशीवाला. त्याचं नाव काढल्यावर ती जरा थांबली. माझा घास हातात राहिला.

"त्यानं पंगतीत माझ्याकडनं चार वेळा श्रीखंड मागून घेतलं," ती म्हणाली, "आणि मिशीला लावलं."

पण हसली नाही. मी म्हटलं, आता परीक्षाच घेऊ. मी तिला माझी सगळ्यांत चालणारी गोष्ट सांगितली, आजऱ्याच्या जंगलात गव्यानं माझ्या कॅमेऱ्यासमोर येऊन आधी डावी, मग उजवी बाजू कशी दाखवली ती. ह्या गोष्टीवर संकेश्वरच्या स्टँडवर माणसं लोळली आहेत. सगुणानं शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, "भात वाढू?"

मी भात घेतला. पण मनात म्हटलं, म्हणजे हिला हसता येतं, फक्त माझ्यापाशी येत नाही. हे एकदा डोक्यात शिरल्यावर भातच काय, नंतरचे आठ-दहा दिवस काही गोड लागलं नाही. दुकानात एका पोराचा शाळेचा फोटो काढताना मी हलू नका म्हटलं तर पोरगं रडायला लागलं. त्याच्या आईनं विचारलं, "मालक, घरात कोण गेलंय काय?"

मग मला मेढ आठवली. मांडव दुसऱ्या दिवशी सुटतो, पण मुहूर्तमेढ तेवढी राहते. मांडवपरतणीला लेक सासरहून पहिल्यांदा येऊन जाईपर्यंत ती कुणी उपटत नाही. शैला अजून आली नव्हती. म्हणजे मेढ जागेवर होती, आणि मेढ जागेवर असली तर त्या फोटोतली नजरही जागेवर होती. ती कुठं जाते एवढं फक्त बघायचं.

फोटो खिशात घालून मी नलवड्यांच्या अंगणात गेलो. मेढ होती. टाळे वाळून तपकिरी झाले होते. सोनाकाकी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी म्हटलं, "काकी, जरा ह्या मेढीला टेकून उभी राहतेस?"

"फोटू हाय व्हय?"

"तसंच समज."

सोनाकाकी उठली. डोक्यावरनं पदर घेतला, कुंकू सारखं केलं, दोन्ही हात मांड्यांना चिकटवले आणि श्वास कोंडून उभी राहिली. मला क्षणभर स्वतःचा अभिमान वाटला. मग मी तिची हनुवटी फोटोप्रमाणं डावीकडं वळवायला सांगितली, तिच्या शेजारी उभा राहिलो आणि तिच्या नाकाच्या रेषेत चालायला लागलो.

वाटेत चुलवणाची जागा लागेल असं वाटलं होतं. ती उजवीकडं राहिली. सनईवाले दारापाशी बसले होते, ते पाठीमागं राहिले. मिशीवाला पंगतीत बसला होता, ती घरामागच्या परड्यात. मी चालत राहिलो. पंधरा-एक हात गेल्यावर सारवलेल्या जमिनीत पाय अडकला. खाली बघितलं तर एक भोक. रुपयाएवढं गोल, खोल. थोडं पुढं दुसरं. आणि त्या दोन्हींपासनं सारख्या अंतरावर तिसरं.

माझ्या स्टँडच्या पायांना खाली लोखंडी टोकं आहेत. जगात कुठंही ती तीन भोकं मी ओळखीन.

"काकी," मी म्हटलं, "ही भोकं..."

"तुझीच की." ती अजून श्वास कोंडून, ओठ न हलवता बोलत होती. "परतणी झाल्यावर सारवून बुजवायची हाईत. हलू काय आता?"

"हल. पण सगुणा इथं होती, माझ्या मागं. माझा शर्ट ओढत होती."

सोनाकाकीनं श्वास सोडला आणि मग जे हसायला लागली, ते मेढीला धरूनच खाली बसली. बऱ्याच वेळानं तिला शब्द फुटले.

"आरं, शर्ट कुठली वढती ती? ती हितं हुती माझ्याजवळ. तुझ्या मागं आमचं वासरू हुतं. तांबडं. दावं सोडून आलं आन् तुझा शर्ट चघळाय लागलं. आन् तू आतनं म्हणलास..." तिला पुन्हा हसू आलं. "म्हणलास, सगुणा, आत्ता नको, माणसं हाईत."

मी त्या तीन भोकांच्या मधोमध उभा होतो.

"आन् वासरानं आणिक वढलं, तर म्हणलास, घरी गेल्यावर बघू. आप्पाचा फेटा हलाय लागला, पर तू हलू नका म्हणला हुतास ना, कुणी हसायचं कसं? वऱ्हाडातली शंभर माणसं पोट आवळून उभी. हसली ती एकटी सगुणाच. मी म्हणलं, अगं, जाऊन सोडव की त्यास्नी. तर म्हणली, थांबा काकी, एवढं बघू द्या."

"एवढं बघू द्या?"

"नेहमीचंच हाय तिचं. वासरू त्या दिवशी आलं, एरवी काय न्हाई का? तू त्या कापडात शिरलास की निम्मा आत आन् निम्मा बाहेर. वरनं सरळ हुबं ऱ्हावा म्हणतोस, आन् खालनं तुझं सगळं हिकडं-तिकडं नाचतंय. एका पायानं दुसरी पोटरी खाजवतोस. प्रत्येक लग्नात सगुणा मागं हुबी ऱ्हाऊन हसती. तू बाहेर आलास की पुन्यांदा गंभीर."

मी तिथनं निघालो तो थेट डॉक्टरांच्या घरी. शिरीष अंधाऱ्या खोलीतनं हात पुसत बाहेर आला. मी खिशातला फोटो त्याच्यापुढं धरला.

"ह्याच्या पुढचा दे."

त्यानं विचारलं नाही, कुठला पुढचा. कपाटातनं एक पाकीट काढलं. आत दोन पाय होते, ढुंगण होतं आणि काळं कापड होतं. एक चप्पल निघून पडलेली. शर्टाचं टोक वासराच्या तोंडात. मागं वऱ्हाड खांबासारखं उभं, गाल फुगलेले. त्या फोटोत सगळी दुनिया सरळ उभी होती आणि मी तेवढा वाकडा.

"सतरंजीवर का नाही मांडलास हा?" मी विचारलं. "माझ्या अल्बमची त्याच दिवशी होळी झाली असती."

"तात्या, तुमच्या एका शब्दावर हे गाव श्वास धरतं. हा बघितल्यावर कुणी धरला असता?"

मला आणखीनच राग आला. फोटो तर चांगले काढतोच, वर माणूसही चांगला. जळायला कुठं जागा ठेवली नाही.

पण खरं सांगू? घरी येताना मी शिरीषवर जळत नव्हतो. सनईवाला, आचारी, मिशीवाला, सगळे सुटले होते. मी जळत होतो त्या कापडातल्या गड्यावर. पंधरा हातांवर सगुणा त्याच्यासाठी पोट धरून हसत होती, आणि तो गाढव आत डोकं खुपसून उलटी माणसं न्याहाळत होता.

सगुणाला मी काही बोललो नाही. बोललो असतो तर ती पुढच्या खेपेला शहाण्यासारखी उभी राहिली असती. मी दुकानात बसून ब्लेड घेतलं आणि काळ्या कापडाला डाव्या बाजूनं, डोळ्याच्या उंचीवर, बोटभर चीर पाडली. फोटोग्राफीच्या दृष्टीनं हा अडाणीपणा आहे. चिरेतनं उजेड आत येतो, काचेवरचं चित्र फिकं पडतं, आणि फोकस नीट कळत नाही. त्या सालानंतरचे माझे सगळे ग्रुप फोटो बघा, किंचित धूसर आहेत. लोक म्हणाले, केरबाचे डोळे गेले. मी म्हणू दिलं. नाहीतरी एक डोळा गेलेलाच असायचा, डावीकडं. आणि पुढंपुढं मी ढुंगण जरा जास्तच हलवायचो.

सगुणाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. भिंतीवर लावायचा फोटो निवडायची वेळ आली, तेव्हा मुलानं मी काढलेला आणला. पदर सारखा, कुंकू मधोमध, नजर समोर. मी म्हटलं, ही कोण बाई, हिला मी ओळखत नाही. आणि ट्रंकेतनं मेढीचा काढून दिला. हार घातलेल्या फोटोत बाईमाणूस एवढं तोंड उघडून हसताना बरं दिसत नाही, असं व्याही म्हणाले, भटजी म्हणाले, सूनही दबकत म्हणाली. मी तोच लावला. बाराव्याच्या दिवसाला आलेली माणसं हात जोडून समोर उभी राहायची आणि गालातल्या गालात हसत परत जायची.

फोटोत ती समोर बघत नाही, डावीकडं बघते. ती बघते तिथं मी माझी खुर्ची ठेवली आहे. घरात बसायला जागा पुष्कळ आहे, सोफा आहे, दिवाण आहे, नातवंडांनी आणलेला तो पोत्यासारखा गुबगुबीत प्रकार आहे. त्या खुर्चीत मात्र दुसरं कुणी बसलेलं मला खपत नाही.

परवा शिरीष आला होता. दाढी पांढरी झाली आहे, हातात काठी आली आहे. दारातनं आत येऊन फोटोकडं बघत उभा राहिला, मग दमल्यासारखा झाला आणि काठी टेकत सरळ त्या खुर्चीकडं निघाला.

मी म्हटलं, "कारखानीस, हलू नको."

जिथल्या तिथं थांबला. मी उठलो, भिंतीला धरत आधी तिथं जाऊन बसलो आणि मग त्याला म्हटलं, "आता बस कुठंही."